एका डोळ्यामागची बखर

रेम्ब्राँने १६३२ साली काढलेलं एक प्रसिद्ध चित्र आहे. टेबलावर फाशी गेलेल्या चोराचं प्रेत, त्याचा सोललेला डावा हात, आणि पांढऱ्या कॉलरी घातलेली मंडळी माना पुढे काढून बघताहेत. चिमट्याने हाताचे स्नायू उचलून दाखवणारा, सगळ्यांत एकटाच टोपी घातलेला गृहस्थ म्हणजे आम्सटरडॅमचा डॉक्टर निकोलास तुल्प. कराडच्या शाळेत युरोपचा इतिहास शिकवताना हे चित्र मी वर्षानुवर्षं फळ्याला टेकवून दाखवलं. या टोपीवाल्याने माझ्या डोकेदुखीबद्दल लिहून ठेवलंय, हे कळायला मात्र निवृत्ती जवळ यावी लागली. डॉक्टर झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने एका नियतकालिकातला लेख छापून आणून दिला आणि म्हणाला, “सर, हे तुमच्या विषयातलंही आहे आणि माझ्याही.”

तुल्प पुढे चार वेळा शहराचा महापौर झाला. १६४१ साली त्याने आपल्या रुग्णांच्या हकिकतींचं लॅटिन पुस्तक छापलं. त्यात एकाची हकिकत अशी: उन्हाळा लागता लागता त्याचं डोकं दुखायला लागलं. रोज ठरलेल्या वेळी सुरू व्हायचं आणि ठरलेल्या वेळी थांबायचं. सहसा दोन तासांच्या वर जायचं नाही, पण तेवढ्यात तो माणूस म्हणायचा, आता सोसवत नाही, मी यातून वाचत नाही. बाकीचा दिवस ताप नाही, नाडी ठीक, लघवी ठीक. चौदा दिवस हे चाललं. तुल्पला रोगाचं नाव ठाऊक नव्हतं, कारण ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने फक्त वेळ, मुदत आणि मधली शांतता नीट टिपली. दस्तऐवज म्हणून एवढं पुरे असतं.

माझं दुखणं तिशीत सुरू झालं. दिवाळी उरकून थंडी पडली की आठवडाभर आधी उजव्या डोळ्यामागे बारीक टोचणी लागते, त्याच बाजूची मान आखडते. ही वर्दी. मग एका रात्री दोनच्या सुमारास जाग येते ती डोळा कुणीतरी आतून बाहेर ढकलतोय अशी. त्या एकाच डोळ्यातून पाणी, त्याच बाजूची नाकपुडी बंद किंवा वाहती, पापणी खाली लोंबलेली, कपाळाच्या त्या अर्ध्या भागावर घाम. पडून राहणं अशक्य. मी गच्चीवर फेऱ्या मारायचो, कठड्यावर कपाळ दाबायचो. तास-सव्वा तासाने ते सगळं नळ बंद व्हावा तसं थांबायचं. सकाळी अकराला मी वर्गात पानिपत शिकवत उभा. असं सहा-आठ आठवडे, आणि मग पुढची दिवाळी जाईपर्यंत काही म्हणता काही नाही. दिवसा मला बघणाऱ्यांना वाटायचं, सरांचं काहीतरी मनाचं आहे.

आमच्याकडे डोकं एका बाजूने दुखलं की ती अर्धशिशी. त्यावर ठरलेले उपाय: सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी, नाकात कोमट साजूक तूप, आणि शेवटी कुणाकडून तरी आणलेला अंगारा. जिलेबीबद्दल माझी तक्रार नाही. सुश्रुताने शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितलेत. त्यात सूर्याबरोबर चढणारा आणि सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्त आहे, आणि अर्धं डोकं फोडणारा अर्धावभेदकही आहे. दुखणं कोणत्या वेळी येतं याकडे बघण्याची शिस्त आपल्या जुन्या वैद्यांना होती, हे त्यावरून दिसतं. पण म्हणून माझा आजार सुश्रुताने ओळखला होता असं म्हणायला मी तयार नाही. एक डोळा लाल, एक नाकपुडी बंद, रात्रीची ठरलेली वेळ, महिन्या-दोन महिन्यांचा हंगाम, हे सगळं एकत्र त्या वर्णनांत मिळत नाही. आमच्या वाचनालयात यावरून एका वैद्यबुवांशी माझा वाद झाला होता, तो अजून मिटलेला नाही.

यातलं बरंचसं एकत्र पहिल्यांदा सापडतं ते १७४५ मध्ये, गेरार्ड फान स्वीटेनच्या लेखणीतून. लेडनला वैद्यक शिकवणाऱ्या बोरहाव्हचा हा शिष्य. त्याच वर्षी तो व्हिएन्नाला ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचा राजवैद्य म्हणून गेला. बाई त्याच्यावर इतका विश्वास टाकायच्या, की पुढे १७५५ साली मोराव्हियात प्रेतं थडग्यातून उठून रक्त पितात अशी आवई उठली तेव्हा छडा लावण्याचं कामही त्याच्याकडेच आलं. त्याने हे सगळं अडाणीपणाचं आहे असा अहवाल दिला. असा डोकं ठिकाणावर असलेला माणूस. त्याने लिहिलंय, की एका धडधाकट मध्यमवयीन माणसाला रोज त्याच वेळी, डाव्या डोळ्याच्या वर त्याच जागी दुखायचं. थोड्या वेळाने डोळा लाल व्हायचा, पाणी वाहायचं, डोळा खोबणीतून हळूहळू बाहेर रेटला जातोय असं वाटायचं आणि तो वेडापिसा व्हायचा. काही तासांनी सगळं शांत, आणि डोळ्यात बघावं तर काही बदल नाही. आजच्या डॉक्टरांच्या कसोट्या या एका परिच्छेदावर लावल्या तर तो जवळजवळ पास होतो. हा परिच्छेद लॅटिन भाष्यग्रंथात पडून राहिला. झुरिकच्या हान्सरुएदी इस्लर यांनी तो १९९३ मध्ये पुन्हा उजेडात आणला. अडीचशे वर्षांत हजारो लोक या दुखण्याने रात्री फेऱ्या मारत होते आणि त्याचं अचूक वर्णन कपाटात होतं.

मधल्या काळात हा आजार सरकारी फाईलसारखा खात्याखात्यांतून फिरला. एकोणिसाव्या शतकात जर्मन डॉक्टरांनी तो कधी डोळ्याच्या मज्जातंतूचा ठरवला, कधी ‘लाल’ अर्धशिशीचा. १९०८ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या ग्रीनफिल्ड स्लडर या नाक-घशाच्या डॉक्टरने तो नाकामागच्या एका मज्जागाठीवर टाकला आणि तिथे कोकेनचा बोळा लावायला सुरुवात केली. ही गाठ खरोखरच या दुखण्याच्या वाटेवर आहे, त्यामुळे स्लडर पुरता चुकला नाही. १९२६ मध्ये लंडनच्या विल्फ्रेड हॅरिसने त्याला मुदतीने येणारा मज्जाशूळ म्हटलं आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूत अल्कोहोलचं इंजेक्शन देऊन तो मारायचा मार्ग धरला. ज्याच्या हातात जे हत्यार, त्याच्या खात्यावर रोग.

माझीही फाईल अशीच फिरली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सायनस म्हणून एक्स-रे काढले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा बदलला, आणि एका दातांच्या डॉक्टरांनी वरच्या उजव्या दाढा काढल्या. दाढा काढल्यावर दुखणं खरंच थांबलं! हंगाम संपत आला होता, तो संपला. पुढच्या थंडीत दाढांशिवाय दुखायला लागलं. त्या डॉक्टरांवर मी फार रागावत नाही. वरच्या जबड्यात कळ जाते हे मीच सांगितलं होतं, आणि या आजारात निरोगी दात गमावलेले लोक जगभर आहेत. रागावतो ते याच्यावर, की कुणीच “किती वाजता?” असं विचारलं नाही.

या इतिहासात सगळ्यांत जास्त जागा मी बेयार्ड हॉर्टनला देईन. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे, तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये हा रक्तवाहिन्यांचा डॉक्टर होता. १९३९ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर हा आजार नव्याने मांडला. दुखणं इतकं असतं, की रुग्ण स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करून घेईल म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते, हे त्याने स्पष्ट लिहिलं. रुग्ण रात्री झोपेतून उठतो, उठून बसतो, उभा राहतो, हेही त्याच्या लक्षात आलं. त्याने कातडीखाली हिस्टामाइन हे रसायन थोडं टोचून बघितलं आणि नेमका तसाच झटका आला. मग त्याने अटकळ बांधली, की हिस्टामाइनच्या सूक्ष्म मात्रा वाढवत नेल्या तर शरीर त्याला सरावेल आणि झटके थांबतील. या उपचाराला अनेक वर्षं मोठी गर्दी होती. दूरदूरच्या गावांहून माणसं रॉचेस्टरला यायची. पुढे काळजीपूर्वक तपासल्यावर उपचार टिकला नाही. हंगाम आपोआप संपतो, आणि जो उपाय शेवटच्या आठवड्यात चालू असतो त्याला श्रेय मिळतं. माझ्या दाढांचंही तेच झालं होतं. पण हॉर्टनमुळे डॉक्टरांना हा आजार दिसू लागला. शुद्ध ऑक्सिजन हुंगल्याने आराम पडतो याचीही त्याने नोंद केली होती, पण तिच्याकडे तीस वर्षं कुणी फारसं वळून बघितलं नाही. युरोपात अजून काही ठिकाणी याला हॉर्टनची डोकेदुखी म्हणतात.

१९५२ मध्ये चार्ल्स कंकल आणि सहकाऱ्यांनी झटके घोळक्याने येतात एवढीच गोष्ट पकडली आणि त्यावरून क्लस्टर हेडेक हे नाव रुळलं. कारणाबद्दल काहीच दावा न करणारं नाव म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. स्वीडनमध्ये तर बापलेकांची परंपराच झाली. थोरले कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४७ मध्ये राय धान्यावरच्या बुरशीतून निघणारं अर्गोटामिन तोंडाने देऊन बघितलं. धाकटे कार्ल एकबोम यांनी १९७४ मध्ये लिथियम वापरलं. हे औषध १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरलेलं. ते डोकेदुखीत का चालावं, तर हा आजारही ठरावीक चक्राने येतो एवढाच तर्क. तर्क बऱ्यापैकी लागू पडला. १९९१ मध्ये धाकट्या एकबोमनीच सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन तपासलं. १५ मिनिटांत १०० पैकी ७४ झटके उतरले, नुसत्या पाण्याच्या इंजेक्शनने २६. हा खणखणीत आकडा होता.

मला निदान मिळालं पुण्यात, एका न्यूरॉलॉजिस्टकडे. त्यांनी रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, “सर, दुखत असताना तुम्ही अंधारात पडून राहता की फेऱ्या मारता?” मी म्हटलं, फेऱ्या. “किती वाजता?” मी सांगितलं. “दरवर्षी त्याच महिन्यात?” मी मान डोलावली. निदान तिथेच झालं. दुसरं काही लपलेलं नाही ना, विशेषतः पिट्युटरी ग्रंथीच्या आसपास, हे बघायला एकदा एमआरआय काढला. अर्धशिशीचा माणूस हलत नाही, उजेड-आवाज टाळून पडून राहतो. क्लस्टरचा माणूस एका जागी थांबत नाही. झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत चालतो, दिवसाआड एकापासून दिवसाला आठापर्यंत झटके येतात. हजारात साधारण एकाला हा आजार होतो, बायकांपेक्षा पुरुषांना जास्त, आणि आमच्यात विडी-सिगारेटवाले बरेच. मी तंबाखूला शिवलेलो नाही, तरी झाला.

ऑक्सिजनची हकिकत इथे पुन्हा येते. कॅलिफोर्नियातले ली कुड्रो हे डोकेदुखीचे डॉक्टर. त्यांची मुलगी लिसा कुड्रो हीच ती ‘फ्रेंड्स’ मालिकेतली फीबी, आणि नटी होण्याआधी ती वडिलांच्या संशोधनात काम करायची, हे माझ्या नातीने मला सांगितलं. १९८१ मध्ये कुड्रोंनी ५२ रुग्णांना झटक्याच्या सुरुवातीलाच मास्क लावून मिनिटाला सात लिटर ऑक्सिजन दिला. ३९ जणांना बहुतेक झटक्यांत १५ मिनिटांच्या आत आराम पडला. लंडनमध्ये ॲना कोहेन आणि पीटर गोड्सबी यांनी २००९ मध्ये मिनिटाला १२ लिटर ऑक्सिजनची साध्या हवेशी तुलना केली: ७८ टक्के विरुद्ध २० टक्के. स्वस्त, जुना आणि पोटात न जाणारा उपाय. औषध कंपन्यांना त्यात फार रस नसावा याचं मला नवल वाटत नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी सिलिंडर आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “पेशंट किती सिरियस आहे?” पेशंट स्वतः स्कूटरवर आलाय हे त्याला पटेना. काळं अंग आणि पांढरा खांदा असलेली छोटी ‘बी टाइप’ टाकी दीड घनमीटर म्हणजे १५०० लिटरची. मिनिटाला १२ लिटर, १५ मिनिटं, म्हणजे एका झटक्याला १८० लिटर. एका टाकीत आठ रात्री निघतात. मोठा जम्बो ७००० लिटरचा, पण तो जिन्याने वर चढवायला दोन माणसं लागतात. मास्क लागतो तो पिशवीवाला, नॉन-रीब्रीदर, नाकात घालायच्या नळ्यांनी काम होत नाही. दार बंद, देवघरातला दिवा दूर, आणि आसपास कुणी विडी पेटवायची नाही. फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत माझी भरलेली टाकी शेजारच्या गल्लीत गेली. माझा हंगाम नव्हता, त्यांचा होता. त्यानंतर कराडात सिलिंडर मागणाऱ्याला वेड्यात काढणं बंद झालं. आता घरोघरी पाच लिटरचे कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत आणि लोक मला ते वापरा म्हणतात. पाच लिटरने आमचं भागत नाही.

रात्रीचे दोन आणि थंडीचे महिने यांचं उत्तर १९९८ मध्ये मिळायला लागलं. आर्ने माय, गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूचं पेट स्कॅन केलं, तेव्हा हायपोथॅलॅमसचा एक छोटा भाग उजळलेला दिसला. झोप, जाग आणि ऋतूंचं वेळापत्रक सांभाळणारी हीच जागा. कुड्रोंनी त्याआधीच दाखवलं होतं, की दिवस सगळ्यांत लहान किंवा मोठे होतात त्याच्या आगेमागे हंगाम सुरू होण्याचं प्रमाण वाढतं. २००१ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी कोणताच उपाय लागू न पडलेल्या एका रुग्णाच्या हायपोथॅलॅमसमध्ये विजेची तार बसवल्याचं प्रसिद्ध केलं. मला ती वेळ आली नाही, आणि ज्यांच्यावर आली त्यांच्यासमोर मी माझं दुखणं काढणार नाही.

माझी व्यवस्था साधी आहे. टोचणीची वर्दी आली की डॉक्टरांना फोन. ते व्हेरापामिल सुरू करतात आणि डोस वाढवताना दर वेळी ईसीजी काढतात, कारण हे मुळात हृदयाचं औषध आहे आणि ठोके अडवू शकतं. ते लागू पडेपर्यंतचे पंधरा-वीस दिवस प्रेडनिसोलोनचा उतरता डोस. स्टेरॉइड आहे, त्यामुळे साखर बघायची आणि स्वतःच्या मनाने लांबवायचं नाही. लिथियम लागलंच तर रक्तातलं प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावं लागतं. झटक्यासाठी टाकी. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन हृदयविकार असलेल्यांना देत नाहीत, आणि माझी अँजिओग्राफी झाल्यापासून ते माझ्या कपाटातून गेलं. पॅरासिटामॉल वगैरे गोळ्या पोटात विरघळेपर्यंत झटका संपलेला असतो. हंगामात दारूचा थेंब चालत नाही, एका घोटाने तासाभरात झटका येतो. हंगामाबाहेर त्याच घोटाने काही होत नाही, असं याच आजाराचे माझे पिणारे दोन सोबती सांगतात. २०१९ मध्ये अमेरिकेत गाल्कानेझुमॅब या इंजेक्शनला या आजारासाठी परवानगी मिळाली. ते महाग आहे.

एक मात्र सांगायलाच हवं. आयुष्यातली पहिली, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, बोबडी वळणं, हातापायातली शक्ती जाणं, दिसेनासं होणं, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं दुखणं, यांतलं काहीही क्लस्टर म्हणून घरी सोसायचं नाही. तडक रुग्णालय गाठायचं.

बाकी, तुमच्या घरात कुणी ठरावीक महिन्यांत रात्री उठून एका डोळ्यावर हात दाबत फेऱ्या मारत असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तारखेच्या चौकोनात दोन गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झालं, किती वाजता थांबलं. जमलं तर मोबाइलवर त्या डोळ्याचा व्हिडिओ काढा, कारण सकाळी डॉक्टरांसमोर तो डोळा ठणठणीत असतो. ते कॅलेंडर काढून न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. आणि तोवर दाढा काढू देऊ नका.